शिक्का शेवटी वाचावा : जुन्या नाशकातल्या एका वाड्याची चिनी माती

चिनी मातीचं जुनं भांडं हातात आलं की माणूस पहिल्यांदा ते उलटं करतो आणि बुडाशी शिक्का शोधतो. शिक्का सापडला की भांडं मोलाचं, नाही सापडला की अडगळ. माझं मत याच्या उलट आहे. आधी भांडं घरात कुठं ठेवलेलं होतं, त्यात काय असायचं, ते कोण वापरत असे, हे विचारावं. मग माती पाहावी, मग झिलई, म्हणजे वरचा काचेसारखा थर, मग बूड. शिक्का शेवटी वाचावा, आणि आधी जे दिसलं त्याच्याशी तो जुळतो का एवढंच पाहावं. जुन्या नाशकातल्या एका वाड्यात हे सगळं क्रमाने करायला मिळालं, म्हणून ते प्रकरण सविस्तर लिहिते आहे. कुटुंबाची परवानगी घेतली आहे. नावं मात्र दिलेली नाहीत.

वाडा आणि विचारणा

दहीपुलाजवळच्या गल्लीतला दुमजली वाडा पाडून तिथं इमारत उभी राहायची होती. वारस विखुरलेले. थोरल्या वहिनी शेवटपर्यंत वाड्यातच राहिल्या, एक दीर नाशिक रोडला, दुसरे सातपूरला, आणि दिरांची आत्या पंचवटीत. आत्यांचं वय ऐंशीच्या पुढे, पण स्मरण लख्ख. तांब्या-पितळेची वाटणी आधीच झाली होती. ती सोपी असते, वजनकाटा असतो. उरली चिनी माती : अडतीस नग. सात बरण्या, दोन सट, तपकिरी रंगाची एक बुधली, निळ्या नक्षीच्या नऊ ताटल्या, एक मोठं लांबट ताट, फुलाफुलांचे चार वाडगे, पातळ कपबश्यांचा चहाचा संच आणि एक जाडजूड एकटा कप.

जुन्या वस्तूंचा एक व्यापारी येऊन सगळ्याचे मिळून बारा हजार सांगून गेला होता. त्याची नजर ताटल्यांवर आणि चहाच्या संचावर. बरण्यांबद्दल म्हणाला, त्या उचलून नेतो, तुमची जागा मोकळी होईल. दिरांचा मला प्रश्न होता की हे किती जुनं आणि कितीला जाईल. वहिनींचा प्रश्न वेगळा होता. "ताई, बाकीचं तुम्ही आणि भाऊजी बघा. मला एवढंच सांगा, यातल्या कुठल्या बरणीत मी येत्या उन्हाळ्यात कैरी घालू?"

मला हा दुसरा प्रश्न जास्त वजनाचा वाटला. किंमत चुकली तर थोडे पैसे जातात. चुकीच्या भांड्यात वर्षभर आंबट-खारट पदार्थ ठेवला तर घरातली सगळी माणसं ते खातात.

मी स्वतः अशी भांडी जमवते, म्हणून एक गोष्ट आधीच सांगून टाकली : ज्या घरात पारख करून देते, त्या घरातून मी काही विकत घेत नाही. जमवणाऱ्या प्रत्येकाने हे पाळावं असं मला मनापासून वाटतं. सल्ला आणि खरेदी एकाच तोंडून आली की समोरच्याला कशावर विश्वास ठेवावा ते कळत नाही.

कुठं काय होतं

वहिनींनी एकही वस्तू जागची हलवली नव्हती, आणि त्यामुळे निम्मं काम आधीच झालेलं होतं. बरण्या आणि सट माजघरातल्या फडताळात. चहाचा संच ओटीवरच्या काचेच्या कपाटात. ताटल्या आणि लांबट ताट माळ्यावरच्या खोक्यात, कागदात गुंडाळलेलं. वाडगे परसातल्या कोनाड्यात, पालथे.

ही मांडणी आपोआप झालेली नाही. आत्यांच्या लहानपणी, म्हणजे १९५०च्या आसपास, या घरात कडक सोवळं होतं. चिनी मातीच्या कपाला किंवा ताटलीला चुलीपाशी जागा नव्हती. धातूचं भांडं घासून, तापवून शुद्ध करता येतं. मातीच्या भांड्याला उष्टं लागलं की ते कायमचं बाटलं, अशी समजूत. शिवाय विलायती चिनी मातीत हाडाची राख असते अशी कुजबुज होती. बोन चायना या प्रकारात ती खरोखरच असते, जवळजवळ निम्म्या प्रमाणात; इथल्या ताटल्यांत मात्र ती नव्हती. बरणीला सगळी मुभा होती, कारण बरणीत उष्टा हात जायचाच नाही आणि मीठ, तेल, आंबट यांना धातूचं भांडं टिकत नाही. पितळेची कल्हई लोणच्याने महिनाभरात खाल्ली असती.

हे कळल्यावर भांड्यांवरच्या खुणा बोलू लागल्या. ताटल्यांच्या तळावर चमच्याचा एकही ओरखडा नव्हता. त्या फक्त दिवाळीच्या फराळाला, आणि तेही ओटीवर बसणाऱ्या पाहुण्यांसाठी निघत. वाडग्यांच्या आत मात्र करड्या रेघांचं जाळं होतं. धातूचा चमचा झिलईवर घासला गेला की धातूचा अगदी पातळ थर मागे राहतो, त्याच त्या रेघा. रोजच्या वापराची ही खात्रीची खूण आहे. हे वाडगे रोज कोण वापरत होतं, असं मी विचारलं. आत्या थोड्या थांबल्या आणि मग सरळ बोलल्या : परसातून येणाऱ्या कामकरी माणसांना चहा आणि उरलेलं कालवण यात देत. ती माणसं स्वतः धुऊन ते कोनाड्यात पालथे घालत. घरातलं कुणी त्यांना शिवत नसे.

नाशिक रोडच्या भाऊजींना हे नोंदवहीत नको होतं. मी आग्रह धरला, आणि आत्यांनी माझी बाजू घेतली. वाडग्यावरची झीज कुणाच्या हाताने झाली हे आपल्याला माहीत असताना "जुने शोभिवंत वाडगे" एवढंच लिहिणं म्हणजे त्या माणसांना दुसऱ्यांदा परसात उभं करणं आहे. नोंद राहिली.

माळ्यावरच्या खोक्यातले कागद 'गावकरी'चे होते, तारीख ऑक्टोबर १९६९. त्या सप्टेंबरात गोदावरीला आलेला महापूर नाशिककर विसरलेले नाहीत. आत्या तेव्हा माहेरी आल्या होत्या. त्यांनी सांगितलं की पाणी गल्लीत शिरल्यावर बायकांनी पहिल्यांदा बरण्या जिन्यावरून वर नेल्या, कपड्यांच्या ट्रंका नंतर. वर्षाचं लोणचं होतं त्यात. ताटल्या खाली राहिल्या आणि दोन दिवस चिखलात बसल्या; पुढच्या महिन्यात धुऊन, गुंडाळून माळ्यावर गेल्या त्या गेल्याच. ताटल्यांच्या बुडाच्या कडेला, जिथं झिलई नसते तिथं, राखाडी गाळ अजून अडकलेला सापडला. कागदाची तारीख फक्त बांधण्याची असते, घडण्याची नव्हे. पण आठवण, कागद आणि गाळ असे तीन पुरावे एकमेकांना धरून राहिले की पुढच्या तर्काला पाया मिळतो.

सात बरण्या

सातपैकी पाच दुरंगी : खांद्यापासून वर तपकिरी, खाली मळकट पांढऱ्या. एक संपूर्ण तपकिरी, आणि एक पांढरी, निळ्या पट्ट्यांची, बिनझाकणाची.

दुरंगी बरणी दिसली की लोक ती आपोआप "आजीच्या काळातली" ठरवतात. ही रंगसंगती मुळात इंग्लंडमधल्या ब्रिस्टलची. तिथल्या विल्यम पॉवेल या कुंभाराने १८३५ मध्ये स्टोनवेअरसाठी, म्हणजे जास्त आचेवर पक्क्या भाजलेल्या भांड्यांसाठी, अशी झिलई बसवली जी कच्च्या भांड्यावरच देता येते आणि एकाच भाजणीत पक्की होते. भांडं एका टोकाने एका झिलईत बुडवायचं, मग उलटं धरून दुसऱ्या टोकाने दुसरीत. दोन रंग जिथं भेटतात ती रेघ अशी येते. आपल्याकडच्या कारखान्यांनी ही रीत उचलली आणि आजही गुजरातेत नि उत्तर प्रदेशातल्या खुर्ज्यात अशा बरण्या बनतात. म्हणजे दोन रंग हा जुनेपणाचा पुरावाच नाही. रेघ मात्र नीट पाहावी. हाताने बुडवलेल्या भांड्यात ती किंचित तिरकी असते आणि एखाद्या बाजूला झिलई दाट होऊन ओघळलेली असते.

स्टोनवेअर साधारण १२०० ते १३०० अंश सेल्सिअसला भाजतात. त्या उष्णतेत माती आतून काचेसारखी जुळते आणि पाणी पीत नाही. साधी चिनी माती, म्हणजे अर्दनवेअर, हजार ते साडेअकराशे अंशांच्या आसपास भाजलेली असते. ती सच्छिद्र राहते आणि फक्त झिलईच्या भरवशावर पाणी धरते. हा फरक घरी तपासता येतो. बुडाच्या बिनझिलईच्या कडेवर पाण्याचा थेंब ठेवायचा. पक्क्या अंगावर तो बसून राहतो, कच्च्या अंगात मुरतो. मग बरणी तळहातावर तोलून बोटाच्या पेराने वाजवायची. सलग खणखणीत आवाज आला तर ठीक. बद्द आला तर कुठंतरी चीर आहे, ती डोळ्यांना दिसो वा न दिसो.

पाच दुरंगी बरण्यांपैकी दोन लगेच वेगळ्या निघाल्या. हलक्या, बूड पांढरंशुभ्र आणि यंत्राने घासल्यासारखं सपाट, पोटावर साच्याच्या जोडाची उभी रेघ. मी त्या बाजूला ठेवल्या तेव्हा वहिनींनाच आठवलं की त्या २००३च्या सिंहस्थात गंगेवरच्या, म्हणजे गोदाकाठच्या, एका दुकानातून आणलेल्या. चांगल्या आहेत, वापराव्यात. फक्त जुन्यांत मोजू नयेत.

तिसऱ्या बरणीच्या बुडाजवळ मातीतच दाबलेला शिक्का होता. कारखान्याचं नाव झिलईने बुजलेलं, पण शेवटचा शब्द रोमन अक्षरांत स्वच्छ : सौराष्ट्र. हा एक शब्द फार कामाचा आहे. थान, मोरबी, वांकानेर हा पट्टा चिनी मातीच्या धंद्याचं माहेर. परशुराम पॉटरी वर्क्ससारखी मोठी कंपनी तिथलीच, जिचं नाव सर्वोच्च न्यायालयाच्या प्राप्तिकरावरच्या एका निकालामुळे वकिलांनाही पाठ आहे. स्वातंत्र्यापूर्वी हा भाग लहान-मोठ्या संस्थानांचा होता. १९४८ मध्ये सौराष्ट्र राज्य झालं, १ नोव्हेंबर १९५६ला ते मुंबई राज्यात मिसळलं आणि १ मे १९६०ला गुजरात वेगळं झालं. तेव्हा संस्थानाचं नाव असलेला शिक्का पहिल्या टप्प्यातला, सौराष्ट्र असेल तर दुसऱ्या, गुजरात असेल तर १९६० नंतरचा. यातली खालची मर्यादा पक्की असते, वरची सैल. राज्य गेलं म्हणून कारखान्यातला ठसा कुणी दुसऱ्या दिवशी फेकून देत नाही. ही बरणी १९४८च्या आधीची नाही, एवढं खात्रीने म्हणता येतं. शिक्क्याचं बोलण्यापूर्वीच आत्यांनी सांगून ठेवलं होतं की ही बरणी त्या इंग्रजी पहिलीत, म्हणजे पाचवीत, असताना आली. म्हणजे १९५४च्या आगेमागे. शिक्का आठवणीशी जुळला, आणि मला या क्रमाचं महत्त्व पुन्हा पटलं : आधी शिक्का वाचून मग विचारलं असतं, तर आत्यांनी नकळत माझाच काळ मला परत ऐकवला असता.

चौथी बरणी सगळ्यांच्या जिवाची. आजेसासूबाईंची कैरीची बरणी, चाकावर हाताने ओढलेली. आत हात घातला की बोटांच्या वळ्या लागतात. शिक्का नाही, बूड पिवळसर, ओबडधोबड. वयाने बहुधा सगळ्यांत मोठी. हिच्या पोटावर खालच्या बाजूला पांढरी भुकटी फुलली होती. वहिनी दरवर्षी बुरशी समजून पुसत आणि ती परत येई. मी चिमटीत घेऊन पाण्यात टाकली, विरघळली. मीठ होतं ते. लोणच्याचा खार झिलईवरच्या बारीक तड्यांच्या जाळीतून आणि एखाद्या बारीक चिरेतून मातीत शिरतो, बाहेरच्या बाजूला पाणी उडून जातं आणि मिठाचे स्फटिक तिथं वाढतात. वाढताना ते झिलई आतून ढकलतात, म्हणून टवके उडतात. बुडावरचा थेंबही मुरला : भाजणी कमी पडलेली. खात्रीसाठी बरणी पाण्याने भरून रात्रभर वर्तमानपत्रावर ठेवली. सकाळी कागदावर ओला चंद्रकोर डाग.

वहिनींना हे ऐकायला जड गेलं. पण अशी बरणी लोणच्याला घेऊ नये. जे बाहेर पाझरतं ते आतही राहतं; धुतल्यावरही जुना खार आणि तेल मातीत मुरलेलं असतं, तेल खवट होतं आणि नव्या लोणच्याला वास लागतो. ती गोड्या पाण्यात भिजवूही नये; वारंवार पाणी बदलून मातीतलं मीठ काढणं हे जाणकाराचं काम आहे. घरी कोरड्या फडक्याने पुसावी आणि कोरड्या जागी ठेवावी.

पाचवी दुरंगी बरणी मोठी, बिनशिक्क्याची, पण खणखणीत. थेंब बसून राहिला, कागद कोरडा. कैरीसाठी मी हीच सुचवली.

संपूर्ण तपकिरी बरणीच्या अंगावर संत्र्याच्या सालीसारखी बारीक खडबड होती. ही मिठाची झिलई. भट्टी पुरती तापली की आत मीठ टाकतात. त्याची वाफ होते आणि त्यातलं सोडियम मातीतल्या वाळूशी मिळून भांड्यावरच काच तयार करतं. वाफ बरणीच्या पोटात नीट पोचत नाही, म्हणून आतून वेगळी झिलई दिलेली असते. इथंही आतली बाजू गुळगुळीत, चॉकलेटी होती. मजबूत भांडं, मिठाच्या कैऱ्यांना उत्तम.

बुधली

तपकिरी बुधली या घरात गोडेतेलाची म्हणूनच ओळखली जाई. तोंडाला चोच, धार छान पडते. बुडालगत गोल दाबलेली अक्षरं भिंगाखाली वाचली : व्हिट्रियस स्टोन बॉटल्स, जे. बोर्न अँड सन, पेटंटीज, डेन्बी पॉटरी, निअर डर्बी; आणि खाली पी. अँड जे. आर्नल्ड, लंडन. डेन्बी हा डर्बीशायरमधला १८०९ पासूनचा स्टोनवेअरचा कारखाना, आणि आर्नल्ड ही शाईची कंपनी. ही शाईची बाटली होती. कचेऱ्यांत आणि शाळांत अशा मोठ्या बाटलीतून दौती भरत, चोच त्यासाठीच. आत्यांचे वडील कलेक्टर कचेरीत कारकून होते, असं विचारल्यावर कळलं. रिकामी बाटली घरी आली, धुतली गेली आणि स्वयंपाकघरात रुजू झाली.

जमवणारी काही मंडळी अशी वस्तू स्वयंपाकाच्या भांड्यांत धरत नाहीत. मी धरते. कारखान्याने शाईसाठी घडवली, बाईने तेलासाठी वापरली. नोंदीत दोन्ही ओळी हव्यात. तेल मात्र आता तीत भरू नये, कारण आतली बाजू डोळ्यांना दिसत नाही आणि ब्रशही पोचत नाही.

ताटल्या, ताट, कप

व्यापाऱ्याला जे हवं होतं त्याला मी कमी जागा देते, कारण त्याबद्दल कुठंही सापडतं. नऊ ताटल्यांवर निळ्या फुलांची छापील कड. कागदी छाप गोल काठावर चिकटवताना दोन टोकं जिथं भेटतात तिथं नक्षी तुटते. ती जोडणी प्रत्येक ताटलीवर वेगळ्या जागी होती. मागच्या बाजूला तीन-तीन बारीक टोचे, भट्टीत ताटल्या एकमेकींना चिकटू नयेत म्हणून मधे ठेवलेल्या तिवयांचे. भिंगाखाली रंग सलग. हल्लीच्या छपाईत ठिपके दिसतात. मागे 'इंग्लंड' आणि 'आरडी नंबर', तीन लाखांच्या थोडा पुढचा. ब्रिटनमध्ये नक्षीची ही क्रमवार नोंदणी १८८४च्या जानेवारीत एकपासून सुरू झाली आणि १९००च्या सुरुवातीला साडेतीन लाख ओलांडून गेली. म्हणजे नक्षीची नोंद १८९०च्या दशकाच्या अखेरची. ताटली त्यानंतर कधीही घडलेली असू शकते. क्रमांक नक्षीचा असतो, ताटलीचा नाही.

लांबट ताट विलो नक्षीचं : झाड, पूल, दोन पक्षी. ही नक्षी अठराव्या शतकाच्या अखेरीपासून आजतागायत अनेक कारखान्यांनी छापली आहे, म्हणून नुसत्या नक्षीवरून काळ सांगू नये.

चहाच्या संचावर 'मेड इन जपान'. इथं एक गैरसमज फार पसरलेला आहे : 'निप्पॉन' (जपानचंच जपानी नाव) लिहिलं असेल तर १९२१च्या आधीचं, 'जपान' असेल तर नंतरचं. हा नियम अमेरिकेच्या आयात कायद्यातून आला. १८९१ पासून तिथं मालावर देशाचं नाव सक्तीचं झालं आणि १९२१ पासून 'निप्पॉन' चालेनासं झालं. मुंबई बंदरात उतरलेल्या मालाला तो कायदा लागू नव्हता. तेव्हा अमेरिकी बाजाराचं गणित आपल्या फडताळावर लादू नये. हा संच आजोबांनी दुसऱ्या महायुद्धाआधी मुंबईहून आणला, हे घरातलं सांगणं मी जास्त विश्वासाचं धरलं. पातळ अंग, उजेडात बोटाची सावली दिसते, सोनेरी कड हाताळून पुसट, सगळं त्याला साजेसं.

परसातले वाडगे हॉलंडच्या मास्ट्रिख्टचे निघाले, मागे पेत्रुस रेगू कंपनीचा स्फिंक्स. या शहरातल्या कारखान्यांचा ठशांच्या फुलांचा माल आशियाच्या बाजारात भरपूर येत असे.

जाड कपावर 'जीआयपीआर' ही अक्षरं गुंफलेली. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे ५ नोव्हेंबर १९५१ला मध्य रेल्वेत विलीन झाली, म्हणजे कप त्याआधी मागवलेला. आत्यांचे काका नाशिक रोड स्टेशनात नोकरीला होते. या कपातून कुणी कधी चहा प्यालं नाही. घरात तो तांदूळ मोजायला होता.

काय ठरलं

अन्नासाठी फक्त पक्क्या अंगाचं, बिनचिरेचं स्टोनवेअर ठेवायचं ठरलं : सौराष्ट्रची बरणी, मोठी दुरंगी, मिठाच्या झिलईची आणि सिंहस्थातल्या दोन. दोन्ही सटही थेंबाच्या आणि आवाजाच्या परीक्षेत उतरले. दह्याला त्यांच्यासारखं भांडं नाही. जुन्या अर्दनवेअरच्या झिलईत शिसं वापरण्याची पद्धत होती आणि आंबट पदार्थ ते ओढून घेतात, म्हणून ताटल्या आणि वाडगे अन्नातून बाद. बाजारात मिळणाऱ्या घरगुती चाचणीपट्ट्यांवर मी विसंबत नाही. प्रयोगशाळेत चार टक्के ॲसिटिक आम्ल चोवीस तास भरून ठेवतात आणि मग त्यात उतरलेलं शिसं मोजतात, तीच खरी तपासणी.

डाग काढायला ब्लीचिंग वापरायचं नाही, हेही ठरवून घेतलं. सातपूरच्या भाऊजींनी हौसेने एक ताटली त्यात बुडवून ठेवली होती. ब्लीच झिलईच्या जाळीतून आत जातं, वाळल्यावर त्याचे क्षार फुगतात; त्या ताटलीची कड हाताला पिठासारखी लागत होती. कोमट पाणी, सौम्य साबण, मऊ ब्रश एवढं पुष्कळ. त्यातूनही डाग उरला तर हायड्रोजन पेरॉक्साइड, पण सोनेरी कडेपासून लांब.

अमेरिकेतल्या पुतण्याला लांबट ताट न्यायचं होतं. १९७२च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे शंभर वर्षं किंवा त्याहून जुनी अशी वस्तू खासगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही, आणि संशय असेल तिथं भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून ती पुरावस्तू नसल्याचा दाखला घ्यावा लागतो. ताटाचं वय त्या रेषेच्या इतकं जवळ होतं की मी ते इथंच ठेवायला सांगितलं. ते नाशिक रोडला गेलं.

सहा ताटल्या आणि जपानी संच विकायचा निर्णय कुटुंबाचा. तोच व्यापारी आला, पण या वेळी नगागणिक भाव झाला, आणि एवढ्याचेच पैसे आधीच्या एकत्रित आकड्यापेक्षा जास्त आले. रेल्वेचा कप त्याने पुन्हा पुन्हा मागितला. वहिनी म्हणाल्या, तांदूळ कशाने मोजू?

बाकीच्या प्रत्येक नगाचा फोटो पट्टी शेजारी ठेवून काढला : समोरून, बुडाकडून, आणि शिक्का असेल तर तिरप्या उजेडात, म्हणजे दाबलेली अक्षरं सावलीने उठतात. फोटोखाली चार गोष्टी : कुठं होतं, काय ठेवत, कोण वापरत, आणि हे कुणी सांगितलं. कारखाना आणि काळ त्याखाली. वहीच्या प्रती चारही घरी गेल्या. आजेसासूबाईंची बरणी आत्यांनी पंचवटीला नेली.

निळ्या पट्ट्यांची पांढरी बरणी नक्की कुणाची हे ठरत नव्हतं, कारण बिनझाकणाची बरणी कुणालाच नको होती. तिच्या बुडावर तेलरंगाने आडनावाचं पहिलं अक्षर आणि ४ हा आकडा होता. लग्नकार्याला बरण्या शेजारी जात, त्या परत याव्यात म्हणून घरोघर अशी खूण करत. वही सातपूरला पोचल्यावर धाकट्या जाऊबाईंचा फोन आला. त्यांच्या गच्चीत तुळशीच्या कुंडीखाली जी पांढरी थाळी होती तिच्या मागे तेच अक्षर आणि तोच आकडा होता. झाकण घासून बसवलं, खाचेत नेमकं बसलं. बरणी सातपूरला गेली. हिंगाची धुरी देऊन, तोंडाला फडक्याचा दादरा बांधून तीत या हिवाळ्यात लिंबू घातलं आहे.